प्रश्न आपले, उत्तर आमचे : लेथब्रिजला पाहण्यासारखे आहे तरी काय?

या महिन्याच्या टपालात एक गंमत झाली. कॅनडाच्या प्रवासाविषयी आलेल्या पत्रांत बॅन्फ आणि नायगारा यांची विचारणा नेहमीप्रमाणे होतीच, पण तब्बल सहा पत्रे लेथब्रिज या एकाच शहराविषयी निघाली. अल्बर्टा प्रांताच्या दक्षिण भागात, कॅल्गरीपासून सुमारे २१० किलोमीटरवर असलेले हे लाखभर वस्तीचे शहर सहल कंपन्यांच्या पत्रकांत सहसा आढळत नाही. तिथे जाणारा मराठी माणूस बहुधा शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या मुलामुलींकडे जातो, चार दिवस घर लावण्यात आणि डबे भरण्यात जातात आणि पाचव्या दिवशी ‘आता पाहायचे काय?’ हा प्रश्न उभा राहतो. प्रस्तुत लेखकाचा पुतण्या तिथे असल्यामुळे दोन वेळा, एकदा भर उन्हाळ्यात आणि एकदा ऐन जानेवारीत, तिथे मुक्काम घडला आहे. पुढची उत्तरे त्या भरवशावर दिली आहेत.

प्रश्न : आमची मुलगी लेथब्रिज विद्यापीठात शिकते. येत्या जूनमध्ये आम्ही दोघे महिनाभर तिच्याकडे जाणार आहोत. ज्याला विचारावे तो सांगतो, की ते गाव म्हणजे गवताळ माळरान आहे, तिथे वेळ घालवू नका, सरळ बॅन्फ गाठा. महिनाभर आम्ही नुसते घरात बसून राहायचे का? (एक दाम्पत्य, नाशिक)

उत्तर : माळरान आहे हे खरे. पण ज्यांनी आपल्याला हा सल्ला दिला, त्यांनी ते बहुधा महामार्गावरून जाताना मोटारीच्या काचेतून पाहिले असावे. प्रेअरीची, म्हणजे तिथल्या या माळरानाची, अडचण अशी, की तिथले जे काही पाहण्यासारखे असते ते डोळ्यांच्या पातळीवर नसते, ते पायांखाली असते. जमीन ताटासारखी सपाट दिसते, आपण चालत राहतो आणि एकाएकी पुढची जमीन संपते. खाली शंभर मीटरच्या आसपास खोल दरी, तिच्या तळाशी कॉटनवूडच्या झाडांची हिरवी पट्टी आणि त्या पट्टीतून वळणे घेत जाणारी ओल्डमन नदी. दरीच्या दोन्ही कडांना असंख्य नाळा पडलेल्या आहेत. तिकडे त्यांना ‘कूली’ म्हणतात. या शब्दाचा हमालाशी काही संबंध नाही. आपल्याकडचा ‘घळ’ हा शब्द तिथे चपखल बसतो. लेथब्रिज हे शहर या घळींच्या दोन्ही काठांवर वसलेले आहे, आणि ते पाहायचे म्हणजे या घळींत उतरायचे.

सुरुवात रेल्वेच्या पुलापासून करावी. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेने १९०७ ते १९०९ या काळात बांधलेला हा पोलादी पूल १,६२४ मीटर लांब आणि नदीच्या पात्रापासून सुमारे ९६ मीटर उंच आहे. ३३ पोलादी मनोऱ्यांवर तो उभा आहे, आणि या प्रकारच्या पुलांत इतका लांब आणि त्याच वेळी इतका उंच पूल जगात दुसरा नाही असे तिथे अभिमानाने सांगतात. आधीची रेल्वेवाट दऱ्यांत उतरत-चढत, अनेक लाकडी पूल ओलांडत फोर्ट मॅक्लाउड या गावाकडे जात असे. ती सगळी कटकट एका सरळ रेषेने संपवावी, म्हणून हा खटाटोप केला गेला. पुलावर चालत जाता येत नाही, त्याच्यावरून आजही मालगाड्या जातात. तो पाहायचा तो खालून. नदीकाठच्या बागेत सायंकाळी जाऊन बसावे. गाडी येते तेव्हा आधी आवाज येत नाही, कारण वारा तो पलीकडे नेतो. प्रथम दिसते ती समोरच्या गवताळ उतारावर सरकत जाणारी डब्यांची सावली, मग वर पाहिले की आगपेटीएवढे डबे, आणि मग उशिरा पोहोचणारी घरघर. आम्ही डबे मोजायला लागलो आणि शंभराच्या पुढे नाद सोडला.

त्याच नदीकाठी फोर्ट व्हूप-अप या जुन्या ठाण्याची प्रतिकृती आहे. १८६९ मध्ये अमेरिकेतल्या मोंटाना प्रदेशातून आलेल्या हीली आणि हॅमिल्टन या दोघा व्यापाऱ्यांनी ते ठाणे उभारले, आणि बायसन या तिथल्या रानटी गुरांच्या कातड्यांच्या बदल्यात स्थानिक लोकांना भेसळीची दारू विकण्याचा धंदा तिथे भरभराटीला आला. त्या धंद्याला आळा घालण्यासाठी कॅनडा सरकारने घोडेस्वार पोलिसांचे दल १८७४ मध्ये इकडे पाठवले. प्रतिकृती पाहायला अर्धा तास पुरेसा आहे. त्यापेक्षा अधिक वेळ वरच्या काठावरच्या गाल्ट संग्रहालयाला द्यावा. जुन्या रुग्णालयाच्या इमारतीतले हे संग्रहालय शहराचा कोळसा-खाणींचा इतिहास सांगते. ब्लॅकफूट या इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत या जागेचे नाव ‘काळा दगड’ या अर्थाचे आहे, ते याच कोळशामुळे. संग्रहालयाच्या मोठ्या खिडक्यांतून पूल आणि घळी एका नजरेत येतात.

आपल्या कन्येचे विद्यापीठही पाहण्याच्या यादीत धरा. आर्थर एरिक्सन या वास्तुकाराने विद्यापीठाची मुख्य इमारत घळीच्या उतारावर आडवी टाकली आहे. इमारत उंच करून मिरवण्याऐवजी तिची माथ्याची रेघ क्षितिजाच्या रेघेशी जुळवून ठेवायची, ही कल्पना त्या भूमीचा स्वभाव ओळखणाऱ्या माणसालाच सुचली असती.

शहरात एकच ठिकाण निवडायचे झाल्यास मात्र आम्ही हेंडरसन तलावाकाठच्या ‘निक्का युको’ या जपानी बागेचे नाव घेऊ. ‘नि’ म्हणजे निहोन, ‘का’ म्हणजे कानादा आणि ‘युको’ म्हणजे मैत्री. १९६७ मध्ये, कॅनडाच्या शताब्दी वर्षात, ती खुली झाली. ओसाका येथील प्राध्यापक तादाशी कुबो यांनी तिचा आराखडा केला आणि तिच्यातला लाकडी मंडप क्योतोत घडवून इकडे आणून बसवला. बागेत फुलांचे ताटवे शोधू नका, ते नाहीत. दगड, पाणी, छाटलेली झाडे आणि शेवटी मुद्दाम मोकळा सोडलेला गवताचा सपाट भाग, म्हणजे जपानी बागेत शिरलेली प्रेअरी. जपानी बाग या आडवळणाच्या शहरात का, याचे उत्तर मात्र मैत्रीइतके गोड नाही. १९४२ मध्ये, युद्धाच्या काळात, ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावरून जपानी वंशाच्या सुमारे २२ हजार लोकांना घरेदारे सोडायला लावण्यात आले. त्यांतल्या अनेक कुटुंबांना दक्षिण अल्बर्टात साखर-बीटच्या शेतांवर राबायला आणले. १९४९ पर्यंत त्यांना किनाऱ्यावर परतण्याची मुभा नव्हती, आणि तोवर पुष्कळांनी इथेच मुळे धरली होती. उसाच्या मुलुखातल्या वाचकांना बीट खणणे, साफ करणे आणि वाहून नेणे म्हणजे कंबरेची काय अवस्था होते, हे वेगळे सांगायला नको. बागेतली मोठी घंटा पाहुण्यांना वाजवू देतात. ती वाजवण्याआधी हे ठाऊक असलेले बरे.

घळींतून फिरताना दोन पथ्ये पाळावीत. पायवाट सोडून गवतात शिरू नये, कारण या उतारांवर रॅटलस्नेक हा विषारी साप असतो, आणि खाली निवडुंगही असतो, तो बुटातून टोचतो. कॅनडात निवडुंग पाहून आमच्या सौभाग्यवतींना इतका आनंद झाला, की त्यांनी त्याला हात लावून पाहिला. तसे करू नये.

प्रश्न : माझ्या आईचे वय ६९ आहे आणि तिचे गुडघे दुखतात. मला तिला रॉकी पर्वत दाखवायचाच आहे. लेथब्रिजहून बॅन्फला जावे की जवळच्या वॉटर्टनला? आम्हा दोघांपैकी कोणीही परदेशात गाडी चालवलेली नाही. (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : निःशंकपणे वॉटर्टन. बॅन्फ लेथब्रिजहून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास पडते आणि उन्हाळ्यात तिथे गाडी उभी करायला जागा मिळवणे हाच एक उद्योग होऊन बसतो. वॉटर्टन लेक्स राष्ट्रीय उद्यान सुमारे १३० किलोमीटरवर, कार्डस्टनमार्गे दीड तासाच्या अंतरावर आहे. क्षेत्रफळ अवघे ५०५ चौरस किलोमीटर असल्यामुळे त्यातली मुख्य ठिकाणे एका दिवसात, धावपळ न करता पाहून होतात.

वॉटर्टनची खरी मौज तिथे पोहोचण्यात आहे. पर्वत जवळ आले की आधी टेकड्या, मग डोंगर, मग शिखरे, अशी आपली अपेक्षा असते. इथे तसे काहीच होत नाही. गवत, गवत, गवत, आणि मग भिंत. याचे कारण जमिनीच्या पोटात आहे. सुमारे दीडशे कोटी वर्षांपूर्वीचे जुने खडक प्रचंड रेट्याने पूर्वेकडे ढकलले जाऊन त्यांच्याहून कितीतरी तरुण अशा खडकांवर चढून बसले. वयाने मोठा वर आणि लहान खाली, असा हा उलटा संसार आहे. त्याची पुढची कड म्हणजे ही भिंत होय. आईंना हे दृश्य गाडीत बसूनच पाहता येईल, आणि आमच्या मते ते बॅन्फला मिळत नाही.

गावात पोहोचल्यावर कॅमेरॉन धबधबा रस्त्यालगतच आहे, एक पायरीही चढावी लागत नाही. तिथून रेड रॉक कॅन्यनकडे गाडीने जावे. खडकातल्या लोहाला गंज चढून घळीचे काठ कुंकवासारखे लाल झाले आहेत, आणि जिथे तो चढला नाही तिथे तोच खडक हिरवट आहे. घळीभोवतीची छोटी फेरी बरीचशी सपाट आहे. तिसरी गोष्ट म्हणजे अप्पर वॉटर्टन सरोवरातली बोट. सरोवराचे दक्षिण टोक अमेरिकेत जाते, आणि मध्येच दोन्ही बाजूंच्या डोंगरउतारांवर झाडे तोडून काढलेली एक सरळ रेघ दिसते, जणू कोणी केसांत भांग पाडला आहे. ती ४९ अक्षांशाची, म्हणजे दोन देशांच्या सीमेची रेघ. या बाजूचे वॉटर्टन आणि त्या बाजूचे ग्लेशियर ही दोन्ही उद्याने मिळून १९३२ मध्ये जगातले पहिले आंतरराष्ट्रीय शांतता उद्यान घोषित झाले आणि १९९५ पासून ते जागतिक वारसा यादीतही आहे. शांतता कितीही असली, तरी पलीकडच्या किनाऱ्यावर उतरायचे असल्यास किंवा रस्त्याने ग्लेशियरला जायचे असल्यास अमेरिकेचा व्हिसा लागतो. कॅनडाचा व्हिसा तिथे चालत नाही, आणि हे सीमेवर पोहोचल्यावर कळलेली मराठी कुटुंबे आम्हाला ठाऊक आहेत.

टेकाडावर एकटेच उभे असलेले प्रिन्स ऑफ वेल्स हॉटेल १९२७ मध्ये एका अमेरिकी रेल्वे कंपनीने बांधले. अमेरिकेत तेव्हा दारूबंदी होती आणि सीमेच्या अलीकडे ती नव्हती, एवढे सांगितले म्हणजे हॉटेलच्या जागेची निवड समजते. मुक्काम महाग आहे, पण दिवाणखान्याच्या काचेच्या भिंतीपाशी चहा घेत सरोवर पाहायला मुक्काम करावा लागत नाही. आईंना तिथे बसवून आपण बेअर्स हंप ही चढण करून यावे. ती जेमतेम दीड किलोमीटरची आहे, पण उभी आहे.

डोंगरउतारांवर काळे पडलेले बुंधे दिसले, तर घाबरू नये. सप्टेंबर २०१७ मधल्या वणव्यात उद्यानाचा १९ हजार हेक्टरहून अधिक भाग होरपळला, गाव मात्र अग्निशामकांनी वाचवले. त्या बुंध्यांच्या पायथ्याशी आता उन्हाळ्यात जांभळी रानफुले उसळलेली असतात.

आता गाडीचा प्रश्न. इथे गोड बोलून उपयोग नाही : वॉटर्टनला जाणारी नियमित सार्वजनिक बस नाही. परवाना असल्यास भारतीय परवान्यावर पर्यटक म्हणून अल्बर्टात गाडी चालवता येते. आंतरराष्ट्रीय परवानाही सोबत काढून न्यावा, म्हणजे भाड्याची गाडी देणारे कुरकुर करत नाहीत. प्रेअरीचे रस्ते सरळ आणि रिकामे असल्यामुळे उजव्या बाजूने चालवण्याचा सराव करायला याहून सोपी जागा नाही. संध्याकाळनंतर हरणे रस्त्यावर येतात, तेव्हा वेग कमी ठेवावा. आणि दोघांनाही धीर होत नसेल, तर चालवणारी ओळखीची व्यक्ती शोधून पेट्रोलचा व जेवणाचा खर्च आपण करावा, हा तिथल्या मुलांमध्ये रूढ असलेला व्यवहार आहे.

एक अनुभवाची गोष्ट. वॉटर्टनच्या वाहनतळावर आम्ही गाडीचे दार उघडले, आणि वाऱ्याने ते हातातून असे हिसकावले की बिजागरी वाकली. भाड्याच्या कंपनीने तिची किंमत आमच्याकडून पुरेपूर वसूल केली. तेव्हापासून गाडी नेहमी वाऱ्याकडे तोंड करून उभी करतो आणि दार दोन्ही हातांनी उघडतो. आईंनाही आधीच सांगून ठेवावे.

प्रश्न : मी निवृत्त इतिहास शिक्षक आहे. लेथब्रिजजवळ ‘हेड-स्मॅश्ड-इन बफेलो जंप’ नावाची जागतिक वारसा असलेली जागा आहे असे वाचले. नाव विचित्र वाटते. तिथे नेमके काय आहे, आणि मूळ रहिवाशांचा इतिहास तिथे प्रामाणिकपणे सांगितला जातो का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आपला प्रश्न वाचून बरे वाटले, कारण लेथब्रिजला जाणाऱ्यांनी एकच बाहेरची जागा पाहायची असेल, तर आम्ही वॉटर्टनच्याही आधी हिचे नाव घेतो. आधी शब्दाचा घोळ मिटवू. तिकडे बफेलो म्हणतात तो प्राणी बायसन. त्याचा आपल्या म्हशीशी संबंध नाही, आणि आपल्या गव्यालाही इंग्रजीत बायसन म्हणत असले, तरी तो वेगळा.

फोर्ट मॅक्लाउडपासून १८ किलोमीटरवर पॉर्क्युपाइन टेकड्यांच्या कडेला हा कडा आहे. पहिल्या नजरेत निराशा होते, कारण तो आज दहा-अकरा मीटरच उंच दिसतो. आपल्या सह्याद्रीत त्याला कोणी कडा म्हणणार नाही. पण तो एवढासा दिसतो याचे कारण त्याच्या पायथ्याशी दहा मीटरहून अधिक जाडीचा हाडांचा, मातीचा आणि दगडी हत्यारांचा थर साचला आहे. सुमारे ६ हजार वर्षे इथे शिकार चालली. आपण ज्या जमिनीवर उभे राहून वर पाहतो, ती जमीनच शिकारीने तयार केली आहे.

शिकारीची रीत अशी. कड्याच्या मागे, पश्चिमेला, चांगल्या गवताचे विस्तीर्ण खोरे आहे. तिथून कड्यापर्यंत दगडांच्या लहान लहान राशी रचून कित्येक किलोमीटर लांबीच्या वाटा आखलेल्या होत्या. जाणती तरुण मुले बायसनच्या वासराचे किंवा लांडग्याचे कातडे पांघरून कळपाला हळूहळू या वाटांकडे आणत. वासरू हरवले आहे असे वाटून कळप त्याच्या मागे येई, लांडगा दिसला की आत दाटे. हे काम दिवसेंदिवस चाले आणि त्यात घाई चालत नसे. कळप वाटांत पूर्ण शिरला, की दगडराशींच्या आड दडलेली माणसे एकदम उठून आरडाओरडा करत. बायसनची नजर फारशी तीक्ष्ण नसते आणि, आम्ही पहिल्या उत्तरात म्हटले तसे, प्रेअरीवर जमीन कुठे संपते ते शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. पुढच्यांना कडा दिसला तरी मागच्यांच्या रेट्यापुढे त्यांना थांबता येत नसे. खाली सगळी वस्ती कामाला लागे : मांस वाळवणे, ते कांडून चरबी व रानफळांसह पेमिकन हा टिकाऊ पदार्थ करणे, कातडी कमावणे, हाडांची अवजारे करणे. हिवाळ्याची सगळी बेगमी त्यातून होई.

नाव विचित्र आहे खरे, पण ते बायसनवरून पडलेले नाही. पिकानी या ब्लॅकफूट गटातल्या लोकांची आख्यायिका अशी, की पडणारे बायसन खालून पाहावे म्हणून एक मुलगा कड्याच्या कपारीत उभा राहिला. त्या दिवशी शिकार इतकी मोठी झाली, की राशीखाली तो चेंगरला आणि त्याचे डोके फुटले. ब्लॅकफूट नावाचा हा शब्दशः इंग्रजी अनुवाद आहे. १९८१ मध्ये ही जागा जागतिक वारसा यादीत गेली आणि १९८७ मध्ये इथले केंद्र खुले झाले. केंद्राची इमारत कड्याच्या पोटात दडवलेली आहे. वर जाऊन आधी कडा पाहायचा आणि मग एकेक मजला खाली उतरत इतिहास वाचायचा, असा क्रम आहे.

प्रामाणिकपणाविषयी विचारलेत, तर इथले मार्गदर्शक ब्लॅकफूट समाजातलेच आहेत, आणि हा फरक ऐकताना जाणवतो. आम्हाला माहिती देणाऱ्या गृहस्थांनी ‘ते असे करत’ असे एकदाही म्हटले नाही. प्रत्येक वाक्य ‘आम्ही असे करत होतो’ असे होते. १८८० च्या दशकापर्यंत बायसन जवळजवळ संपले, आणि त्याच्या थोडे आधी, १८७७ मध्ये, सरकारशी ‘सातवा करार’ होऊन हे लोक राखीव प्रदेशांत बंदिस्त झाले. या दोन गोष्टी एकमेकींना लागून का आल्या, हे तिथे आडपडदा न ठेवता सांगतात. लेथब्रिजहून कार्डस्टनला जाताना पश्चिमेला कायनाई या ब्लॅकफूट गटाचा राखीव प्रदेश लागतो, तो क्षेत्रफळाने कॅनडातला सर्वांत मोठा आहे.

आपल्याला आणखी एक दिवस काढता आला, तर आग्नेयेला मिल्क नदीकाठी ‘रायटिंग-ऑन-स्टोन’, ब्लॅकफूट नावाने ‘आइसिनाइपी’, इथे अवश्य जावे. वालुकाश्माच्या छत्र्या-खांबांसारख्या आकृत्या आणि त्यांवर कोरलेली हजारो चित्रे असलेली ही जागा २०१९ मध्ये वारसा यादीत आली. दुपारच्या उन्हात जाऊ नये. बहुतेक चित्रे असलेल्या राखीव भागात मार्गदर्शकाशिवाय सोडत नाहीत, म्हणून फेरीची जागा आधी राखून ठेवावी.

प्रश्न : लेथब्रिजहून महामार्ग ३ ने व्हँकूव्हरकडे गाडीने जाणार आहोत. वाटेत थांबण्यासारखे काही? (एक वाचक भगिनी, मडगाव)

उत्तर : दीड तासावर फ्रँक इथे थांबावेच. सूचना लिहिण्याची गरज नाही, महामार्गच आपल्याला सांगेल : दोन्ही बाजूंना घरांएवढ्या चुनखडीच्या शिळांचा समुद्र पसरलेला दिसेल. २९ एप्रिल १९०३ रोजी पहाटे ४ वाजून १० मिनिटांनी टर्टल पर्वताची एक बाजू, सुमारे ११ कोटी टन खडक, दीड मिनिटाच्या आसपास खाली आली आणि फ्रँक या खाणगावाचा एक भाग गाडला गेला. सुमारे ९० माणसे दगावल्याचा अंदाज आहे. पर्वताची घडणच कमकुवत होती, त्यात बर्फ वितळून पाणी भेगांत गोठत होते आणि पोटात कोळशाची खाण चालू होती. मूळ रहिवासी त्याला ‘हलणारा पर्वत’ म्हणत आणि त्याच्या पायथ्याशी तळ ठोकत नसत. खाणीत त्या रात्री अडकलेले १७ कामगार मात्र कोळशाच्या थरातून वर बोगदा खणत स्वतःच बाहेर पडले. टेकडीवरच्या माहिती केंद्रात तासभर जातो. पुढे प्रवास हजार किलोमीटरच्या आसपास उरतो, तेव्हा फ्रँकहून दुपारच्या आत निघावे.

प्रश्न : जानेवारीत शिकायला जात आहे. उणे तीस तापमानाच्या गोष्टी ऐकून आईने चार स्वेटर विणले आहेत. कोणी म्हणते तिथे हिवाळ्यातही ऊब असते. खरे काय? (एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर : दोन्ही खरे आहे, कधी कधी एकाच आठवड्यात. याचे कारण चिनूक नावाचा वारा. प्रशांत महासागरावरची ओली हवा रॉकीच्या पश्चिम उतारावर चढताना पाऊस-बर्फ टाकून देते. ओली हवा चढताना सावकाश थंड होते, पण कोरडी झालेली तीच हवा पूर्वेला उतरताना दर किलोमीटरला सुमारे १० अंशांनी तापते, आणि त्यामुळे लेथब्रिजला पोहोचते ती चढण्यापूर्वीपेक्षाही उबदार होऊन. पश्चिमेच्या आकाशात ढगांची एक लांब कमान आणि तिच्याखाली निळ्या आभाळाची पट्टी दिसली, की चिनूक आला असे समजावे. काही तासांत तापमान वीस-वीस अंशांनी चढते, बर्फ पाणी होऊन गटारांत वाहते, मुले सदऱ्यावर फिरू लागतात आणि काहींचे डोके दुखू लागते. मग वारा पडतो, ते पाणी रात्रीत गोठते, आणि दुसऱ्या दिवशी रस्त्यावर काच अंथरल्यासारखे होते. हात-पाय मोडतात ते बहुधा त्या दिवशी. कडाक्याच्या थंडीत माणूस मुळातच जपून चालतो.

स्वेटर चारही न्यावेत, आईच्या मनाचा विचार करून. पण जाड कोट आणि बर्फात न घसरणारे बूट तिथेच घ्यावेत; इथल्या बाजारात ‘बर्फासाठी’ म्हणून मिळणारे बूट त्या काचेवर टिकत नाहीत. वारा आत शिरू न देणारा थर बाहेरून हवा, लोकर त्याच्या आत. तिथे उभ्या गाड्यांच्या तोंडातून विजेची वायर लोंबताना दिसेल. आम्हाला पहिल्या दिवशी त्या सगळ्या विजेवरच्या गाड्या वाटल्या; प्रत्यक्षात ती इंजिन रात्रभर कोमट ठेवण्याची सोय असते.

प्रश्न : आम्ही कांदा-लसूण खातो, पण अंडेही खात नाही. तिथे उपाशी राहू का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : नाही. भारतीय किराणा लेथब्रिजमध्ये मिळतो. ज्वारीचे पीठ मिळेलच असे नाही, म्हणून हवे तर थोडे सोबत न्यावे. शिवाय नेपाळी बोलणाऱ्या भूतानी निर्वासितांची मोठी वस्ती या शहरात आहे, त्यामुळे डाळ-भात, भाज्यांचे मोमो आणि आपल्या जिभेला ओळखीचे लोणचे मिळण्याची सोय आहे. वॉटर्टन किंवा बफेलो जंपला जाताना मात्र डबा घरूनच न्यावा. उद्यानात उरलेले अन्न उघड्यावर ठेवू नये, गाडीत बंद करून ठेवावे, कारण त्या भागात अस्वले आहेत. अस्वल दिसले तर किमान १०० मीटर अंतर राखण्याचा नियम आहे.

आणि ऑगस्टच्या अखेरीस तिथे असाल, तर रस्त्याच्या कडेला ट्रक लावून विकली जाणारी टेबरची कणसे घ्यायला विसरू नका. टेबर हे गाव लेथब्रिजच्या पूर्वेला पन्नास किलोमीटरवर आहे, आणि तिथला कालव्याच्या पाण्यावरचा मका इतका गोड असतो, की लोक तो उकडून वर लोणी लावून खातात. आपण लिंबू आणि तिखट-मीठ जवळ ठेवावे. आमच्या पुतण्याच्या शेजारच्या आजोबांनी ते एकदा खाऊन पाहिले आणि पुढच्या रविवारी स्वतःच लिंबे घेऊन आले.